चूक, दुरुस्त करतो

"ही चाचणी आहे. इथं काही संकट नाही. तुमच्या पडद्यावर पत्ता काय दिसतो, तेवढा वाचा."

आवाज रेनो सारेलाचा. फेब्रुवारीतला मंगळवार होता, भर दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, बाहेर सरोवरावरून बर्फ आडवा येत होता. संकटकाळच्या नऊ-एक-एक नंबराच्या फोनवर बसलेल्या मार्नी बोद्रीला तो आवाज ऐकून एकदम बरं वाटलं. रेनोला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या दिवसांत या फोनवर तो एकदाही आला नव्हता.

"अरेच्चा, रेनो! घरात बसवेना वाटतं तुम्हाला?"

पलीकडून नुसता श्वास. कामात असला की रेनो गप्पा मारत नसे, त्यामुळे तिला त्याचं काही वाटलं नाही. ती पडद्यावरचा पत्ता वाचायला लागली. "पाइन रिज वृद्धाश्रम, दोनशे सहा, चर्च स्ट्रीट, तळमजला, खोली..." आणि ती अडखळली. पाइन रिज गेल्या उन्हाळ्यात पाडलं होतं. आता तिथं मोकळं मैदान होतं आणि गावातला उपसलेला बर्फ ट्रक भरभरून तिथं ओतत होते. "...खोली चौदा," तिनं कसंबसं पुरं केलं.

"चूक," रेनो म्हणाला. "दुरुस्त करतो." आणि फोन ठेवला.

मार्नी हसली. इथपर्यंत सगळं पूर्वीसारखंच होतं.

आमच्या काउंटीत नऊ-एक-एकची खोली शेरीफच्या कचेरीच्या तळघरात आहे. दोन खुर्च्या, सहा पडदे आणि एक कॉफीचं भांडं, जे कुणी शेवटचं कधी घासलं ते कुणालाच आठवत नाही. मार्नीनं तिथं एकोणीस वर्षं काढली होती, आणि त्यातली सोळा रेनोच्या चाचण्या ऐकण्यात.

रेनो म्हणजे लाकडाचा ओंडका. बुटका, रुंद, आणि तोंडानं असा तुसडा की त्याच्याशी हवापाण्यावर बोलायलाही लोक दोनदा विचार करत. उमेदीची वर्षं त्यानं खांबांवर चढून टेलिफोनच्या तारा ओढण्यात घालवली. मग तारांचे दिवस गेले, दुकानांत आणि कचेऱ्यांत इंटरनेटवरचे फोन आले, तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा माणूस तेही शिकला.

जुन्या फोनचं एक बरं होतं. तार भिंतीत शिरलेली असायची, त्यामुळे फोन कुठं आहे हे तारच सांगायची. नव्या फोनचं तसं नाही. तो काखोटीला मारा, दुसऱ्या गावाला न्या, तिथल्या भिंतीत खुपसा. नंबर तोच, आवाज तोच. आणि संकटाच्या वेळी तो जो पत्ता सांगतो, तो कुणीतरी कधीतरी कागद बघून टाइप केलेला असतो. कुणी बदलला नसेल तर फोन बेधडक जुनाच पत्ता सांगतो आणि अॅम्ब्युलन्स तिकडे धावते. कंपन्या हे सगळं बारीक अक्षरात छापून मोकळ्या होतात. फरशीवर पडलेल्या माणसाला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायचं?

रेनो सांगायचा. एकदा हायवेवरच्या मोटेलात मालकीणबाई, मिसेस पेल्टो, त्याला म्हणाल्या, "बाहेर फोन लावायला आधी आठ दाबावा लागतो, ते तसंच राहू दे हं. नाहीतर पाहुणे दिवसभर फोनला चिकटून बसतात."

"आणि पाहुणा मरायला टेकला तर?"

"तर आठ दाबेल, मग नऊ-एक-एक लावेल. दाराच्या मागं पाटी लावलीय की मी."

"मरता मरता पाट्या वाचायच्या त्यानं? चष्मा सापडत नसेल त्याला!" रेनोनं पेचकस खाली ठेवला. "सगळ्या देशाला नऊ-एक-एक माहीत आहे. तुमचा आठ कुणाला माहीत आहे? तुमच्या नवऱ्याला तरी?"

"तुमच्या जिभेला काही हाड?"

"जिभेचं राहू द्या. आठ काढतोय मी." आणि काढलाही. मिसेस पेल्टो पुढं दोन वर्षं त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि रेनोला ते सोयीचंच पडलं.

फोन बसवून झाले की तो त्यातल्या एकूण एक फोनवरून नऊ-एक-एक लावायचा. आधी साध्या नंबरावर कळवायचा, "पोरी, आज शाळेत अकरा फोन आहेत, दचकू नकोस." मग अकरा वेळा तीच वाक्यं, त्याच सुरात. मार्नीनं पत्ता वाचला की उत्तर दोनातलं एक. जुळला तर "बरोबर. आभारी आहे." नाही जुळला तर "चूक. दुरुस्त करतो." दोन्ही वेळा लगेच फोन खाली. चूक असेल तर पाचेक मिनिटांत दुरुस्त करून परत फोन, आणि "बरोबर" होईपर्यंत सुटका नाही.

"लग्नातसुद्धा पाद्रीबाबाला हेच म्हणालात का?" मार्नीनं एकदा छेडलं होतं. "बरोबर, आभारी आहे?"

"चूक म्हणालो होतो," रेनो म्हणाला. "औनेनं दुरुस्त केलं." औने म्हणजे त्याची बायको. ती गेल्यावर तो आणखीच तुसडा झाला, पण चाचण्या एकानंही कमी झाल्या नाहीत.

त्या चाचण्यांमागं एक गोष्ट होती. गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी काढत नसे.

मार्नी कामाला लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी फोन आला. बोलणं नाही, नुसती घरघर. पडद्यावर पत्ता उमटला तो दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा मुख्य कचेरीचा. मार्नीनं शिकवल्याप्रमाणे तिकडच्या पोलिसांना कळवलं. ते गेले, तर कचेरीत सगळे धडधाकट, कुणाला काही पत्ता नाही. फोन होता स्लॅबटाउन रोडवरच्या लाकूड गिरणीतला, मार्नीच्या खुर्चीपासून बावीस मैलांवर. गिरणीची कारकून, ओपल ट्रेंबाथ नावाची बाई, तिथं टेबलाशेजारी पडली होती. पाऊण तासानं एक ट्रकवाला सही घ्यायला आत गेला, तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

गिरणीतले फोन रेनोनं बसवले होते. पत्त्याच्या रकान्यात त्यानं मागणीच्या कागदावरचा पत्ता जसाच्या तसा उतरवला होता, आणि तो निघाला मुख्य कचेरीचा. चौकशी झाली, दोष कुणाचाच निघाला नाही. पुढच्याच सोमवारी मार्नीला पहिला फोन आला, ही चाचणी आहे. गिरणी पुढं बंद पडली. तिचा खरा पत्ता मार्नीच्या पडद्यावर कधीच आला नाही, पण तिला तो कायमचा पाठ झाला होता आणि तिनं तो एकदाही मोठ्यानं उच्चारला नव्हता.

तर त्या मंगळवारी दोन वाजून चौदा मिनिटांनी परत फोन आला. तीच वाक्यं. पडद्यावर परत पाइन रिज, खोली चौदा. आता मार्नीला खटकलं. रेनोनं आधी कळवलं कसं नाही?

"रेनो, कुठं आहात तुम्ही?"

"इथं काही संकट नाही."

"ते कळलं हो. पण आहात कुठं?"

"ही चाचणी आहे."

"बरे आहात ना?"

मग त्याच सपाट सुरात, "तुमच्या पडद्यावर पत्ता काय दिसतो, तेवढा वाचा."

तिनं नाइलाजानं पत्ता वाचला. "चूक. दुरुस्त करतो." फोन बंद.

शेजारच्या खुर्चीवर डेल हॅनुला होता, पाळीचा प्रमुख. त्यानं कानावरचा हेडफोन सरकवला. "म्हाताऱ्यानं दुपारीच घेतलेली दिसतेय."

"रेनो घेत नाही."

"मग टेप आहे. कुणीतरी त्याचा जुना आवाज लावून गंमत करतंय. ऐकलंस ना? एक श्वाससुद्धा इकडचा तिकडे नाही."

मार्नीनं पडद्यावरच्या नंबरला उलट फोन लावला. दोनदा घंटा वाजली आणि एका बाईचा गोड, रेकॉर्ड केलेला आवाज आला, "पाइन रिजमध्ये आपलं स्वागत. आप्तांना भेटायची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच." इमारत जाऊन आठ महिने झाले होते. आश्रमाचा फोन बंद करायचं मात्र कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मार्नीनं घाईघाईनं फोन ठेवला.

मग तिला आठवलं. रेनोजवळ स्वतःचा एक कळकट राखाडी फोन असायचा, फक्त चाचणीचा. नव्या जागी गेला की आधी तो भिंतीत लावून बघायचा, मगच गिऱ्हाइकाचे फोन जोडायचा. जागा बदलली की त्या फोनचा पत्ताही बदलायचा. निवृत्तीच्या आधीचं त्याचं शेवटचं काम पाइन रिजचं, तेव्हा तो आश्रमाच्याच नंबरावर जोडलेला आणि तसाच राहिलेला. म्हणजे आज त्यानं तो फोन कुठल्यातरी भिंतीत लावला होता, आणि पत्ता बदलायच्या आत काहीतरी झालं होतं.

"डेल, ही टेप नाही. त्याला अर्धांगाचा झटका आलाय."

"अगं, चांगली खणखणीत वाक्यं बोलतोय की तो."

"वाक्यं येतायत. बोलता येत नाहीये." तिचा आवाज चढला. "माझ्या आजीला आला होता. शेवटचे तीन महिने तिला संध्याकाळची प्रार्थना सबंध म्हणता यायची आणि पाणी मागता यायचं नाही. जे आयुष्यभर घोकलं तेवढंच उरतं, डेल. यानं काय घोकलंय ते तुला माहीत आहे."

मग मात्र डेलनं हात-पाय हलवले. शेरीफचा एक माणूस रेनोच्या घरी गेला. दार नुसतं लोटलेलं, टेबलावर अर्धा कप गार कॉफी, मोबाइल तिथंच, ट्रक नाही. फोनच्या कंपनीला विचारलं की हा फोन या क्षणी कुठून जोडलाय ते सांगा. तिकडून एक मुलगी म्हणाली, त्यासाठी फॉर्म भरून पाठवा, संबंधित विभाग दोन ते चार तासांत उत्तर देईल, आणि आपला दिवस चांगला जावो. मार्नीनं तिला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. अॅम्ब्युलन्स एकच होती. दुसरी सकाळीच एका बाळंतिणीला घेऊन मोठ्या शहरात गेलेली. आणि बर्फ तर असा पडत होता की पुढच्या गाडीचे दिवे दिसू नयेत.

दोन एकतीसला तिसरा फोन आला. या वेळी मार्नीनं पत्ता वाचलाच नाही. तिच्या लक्षात आलं होतं की निकाल दिल्याशिवाय रेनो फोन ठेवत नाही. ती नुसती ऐकत राहिली. तो वाक्यं म्हणायचा, थांबायचा, परत पहिल्यापासून म्हणायचा. मधल्या शांततेत लांबून लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज येत होता. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग परत ठक.

"रेनो, ते काय वाजतंय?"

"इथं काही संकट नाही," रेनो म्हणाला. शब्द आता एका बाजूला ओघळल्यासारखे येत होते.

पण एक गोष्ट तिला कळली होती. पाइन रिजला तो दरवेळी चूक म्हणाला होता. म्हणजे ऐकत होता. मग त्याच्या तोंडून जागा निघत नसली तरी तिनं जागांची नावं घ्यायची, आणि त्यानं बरोबर की चूक ते सांगायचं. रोज करत होते तेच.

फक्त प्रत्येक चुकीला तो फोन ठेवणार होता. परत लावायला त्याला आधी चार मिनिटं लागली होती, मग सतरा. एका हातानं चाचपडत तो तेवढे तीन आकडे किती वेळा दाबू शकणार, हे देवालाच ठाऊक.

ती विचार करून म्हणाली, "सार्वजनिक वाचनालय, तीस, मेन स्ट्रीट." तिथं तो दर मंगळवारी पत्ते खेळायला जायचा.

"चूक. दुरुस्त करतो." फोन बंद.

वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत दुसरे दोन फोन आले, एक गाडी खड्ड्यात गेल्याचा आणि एक बाई आपल्या नवऱ्याची तक्रार करणारी. मार्नीनं ते कसे घेतले ते तिला नंतर आठवेना. डेल म्हणाला, "शाळेच्या बसगाड्यांची नवी शेड. गेल्या आठवड्यात तिथं फोन हलवलेत." दोन एकावन्नला फोन आला तेव्हा तिनं शेडचा पत्ता वाचला.

"चूक," रेनो म्हणाला. "दुरुस्त. करतो."

आता मार्नीनं खण ओढला. टेबलाच्या डाव्या खणात जानेवारीपासून एक कागद पालथा पडलेला होता. नव्या धंद्यांचे पत्ते काउंटीच्या कचेरीकडून येतात, ते यादीत चढवायचं काम तिचंच. तो कागद तिनं वाचला होता, यादीत चढवला होता आणि लगेच पालथा घातला होता. कुणा बाहेरगावच्या बाईनं जुनी गिरणी विकत घेतली होती. उन्हाळ्यात तिथं सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगड्यांचा कारखाना निघणार होता. इंटरनेट आलं होतं. फोन यायचे होते.

तो राखाडी फोन आठवल्या क्षणापासून तिला हेच वाटत होतं, खरं सांगायचं तर. म्हणूनच ती वाचनालय आणि शेड करत बसली होती.

तीन वाजून सोळा मिनिटांनी फोन आला. या वेळी रेनो काहीच म्हणाला नाही. श्वास, आणि लांबून ठक.

"रेनो," मार्नी म्हणाली, "ही मी पोरगीच आहे. वाचते हं." तिनं घसा साफ केला. "एक्केचाळीसशे अठरा, स्लॅबटाउन रोड. लाकूड गिरणी. कारकुनाची खोली."

पलीकडे सगळं थांबलं, श्वाससुद्धा. मग रेनो बोलला, आणि आवाज एकदम साफ, सतरा वर्षं तरुण.

"बरोबर. आभारी आहे."

आणि फोन ठेवला. नेहमीसारखा, हळूच.

"गाडी स्लॅबटाउनला पाठव," मार्नी म्हणाली.

"थांब जरा." डेल उठून उभा राहिला. "त्याचं डोकं ठिकाणावर नाही. त्याच्या बरोबरला अर्थ किती धरायचा? बावीस मैल, या बर्फात, जायला पाऊण तास. तो तिथं नसला आणि इथं कुणाचं हृदय बंद पडलं तर? काय तोंड दाखवायचं?"

"तो आता परत फोन करणार नाही, डेल. त्याच्या लेखी काम झालंय."

"मार्नी, ती गिरणी आहे. तुला ती गिरणी का सुचली ते मला माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग गाडी पाठव. माझ्या नावानं लिही."

डेलनं पाठवली. मार्नीच्या नावानं लिहिली, हेही सांगायला हवं.

त्यानंतरची सत्तेचाळीस मिनिटं फोन आला नाही. मार्नी पडद्याकडे बघत होती आणि पडदा कोरा होता. इतकी वर्षं या खोलीत बसून तिला फोन वाजण्याची भीती वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा न वाजण्याची वाटली. फोन आपण उचलला, पत्ता आपण दिला, आणि पुन्हा चुकीचा दिला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

चार वाजून चार मिनिटांनी अॅम्ब्युलन्सवरचा कर्टिस बोलला. "गिरणीपाशी पोचलो. बर्फात पाऊलखुणा नाहीत... थांबा, ट्रक आहे. बर्फाखाली गेलाय. दार उघडंच आहे, वाऱ्यानं आपटतंय."

ठक, मार्नीच्या मनात आलं.

कर्टिस आत गेला. मग म्हणाला, "आहे. सापडला. भिंतीशी बसलाय, उजवी बाजू गेलीय. गार पडलाय पण नाडी लागतेय." आणि जरा वेळानं, रेडिओवर सहसा कुणी बोलत नाही अशा आवाजात, "मार्नी, रिसीव्हर नीट जागेवर ठेवलाय त्यानं."

मार्नीनं डोकं टेबलावर टेकलं आणि ढसाढसा रडली. डेलनं तिच्यासमोर कॉफी आणून ठेवली, त्याच न घासलेल्या भांड्यातली.

पुढं कळलं की नव्या मालकिणीनं रेनोला बोलावलंच नव्हतं. किराणा दुकानात कुणीतरी म्हणालं की गिरणीत फोन बसणार, आणि हा आपला हत्यारांचा डबा आणि राखाडी फोन घेऊन निघाला. कुणा परक्यानं कागद बघून पत्ता उतरवायच्या आत आपण बघून यावं, एवढंच असणार त्याच्या मनात. किल्ली अजूनही चौकटीवरच असायची.

रेनो वाचला. आता तो हेमलॉक कोर्टच्या शुश्रूषागृहात असतो, खोली नऊ, खिडकीतून सरोवर दिसतं. त्याला कळतं किती, हे कुणी छातीठोक सांगत नाही. बोलतो ती तेवढीच वाक्यं. मार्नी दर रविवारी जाते, वेलची घातलेला गोड निसू पाव घेऊन. ती दारात दिसली की तो सुरू करतो, "ही चाचणी आहे." मग ती समोर खुर्ची ओढून बसते आणि पत्ता वाचते, "हेमलॉक कोर्ट, खोली नऊ."

"चूक. दुरुस्त करतो."

"बघा, आमच्यावर रागच आहे यांचा," तिथल्या नर्सबाई हसतात. मार्नीही हसते. कधी ती त्याच्या घराचा पत्ता वाचते, जिथं त्यानं औनेबरोबर चाळीस वर्षं काढली. त्यालाही चूक. चर्चला चूक, वाचनालयाला चूक.

मे महिन्यातल्या एका रविवारी, लख्ख ऊन पडलं होतं, सरोवरावरचा बर्फ फुटून किनाऱ्याला लागत होता. मार्नीला कसा कोण जाणे मोह झाला. कदाचित त्या दिवशीचं आपलं यश पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं असेल. रेनोनं विचारलं, आणि ती म्हणाली, "एक्केचाळीसशे अठरा, स्लॅबटाउन रोड. लाकूड गिरणी. कारकुनाची खोली."

रेनोचा चेहरा सैल झाला. आवाज साफ झाला.

"बरोबर. आभारी आहे."

आणि डावा हात हवेत उचलून त्यानं नसलेला रिसीव्हर नसलेल्या फोनवर हळूच ठेवला.

आता ते मार्नीला स्वच्छ दिसलं. त्या मंगळवारी रेनो वाचनालयात पडला असता आणि तिनं वाचनालय म्हटलं असतं तरी तो चूकच म्हणाला असता. शेडमध्ये असता तरी चूक. आणि गिरणी म्हटल्यावर, कुठंही असला तरी, बरोबर. तिनं एकुलती एक गाडी रिकाम्या गिरणीकडे पाठवली असती आणि तो दुसरीकडे कुठंतरी गार झाला असता. तो सापडला तो निव्वळ तिथं होता म्हणून. त्या दिवशी तो मार्नीला उत्तर देतच नव्हता. तो त्या पहिल्या फोनला उत्तर देत होता, ओपल ट्रेंबाथच्या. आणि आजही तिथंच बसला होता.

मार्नीनं हे डेलला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. तो पत्ता तिनं रेनोपुढं पुन्हा कधी वाचला नाही. दोन-तीन रविवार तिचा पायही तिकडे वळला नाही. मग एके दिवशी ती पाव घेऊन गेली, खुर्ची ओढून बसली.

"तुमच्या पडद्यावर पत्ता काय दिसतो, तेवढा वाचा."

"हेमलॉक कोर्ट," मार्नी म्हणाली, "खोली नऊ."

"चूक," रेनो म्हणाला. "दुरुस्त करतो."

"करा हो सावकाश," ती म्हणाली. "मी आहे फोनवर." आणि पावाच्या तुकड्याला लोणी लावून तिनं तो त्याच्या डाव्या हातात दिला.